रक्ताचा नियम आणि शेजारचे घर

व्हिडिओ गेम हा विषय वाङ्मयीन नियतकालिकाच्या पानांवर शोभत नाही, असे मानणारे वाचक पुष्कळ असतील. त्यांचे दोन प्रकार आहेत. एक प्रस्थापित समीक्षेच्या संस्कारात वाढलेला. त्याच्या लेखी खेळ म्हणजे रंजन, आणि रंजन म्हणजे वाङ्मयाच्या उंबरठ्याबाहेरची वस्तू. (जलशालाही एके काळी हेच ऐकावे लागले होते.) दुसरा आपल्यातलाच कार्यकर्ता. तो विचारतो, पडद्यावरच्या राजपुत्रांच्या आणि ड्रॅगनांच्या लढायांशी आपल्या माणसाचे देणेघेणे काय? पहिल्याला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. दुसऱ्याचा प्रश्न रास्त आहे, आणि हा लेख त्याच्यासाठीच लिहिला आहे.

लिहिणारा कोण, ते आधी सांगतो. मी महाविद्यालयात शिकवतो. घरातला पहिला पदवीधर आहे. मी समलिंगी आहे. आणि 'फायर एम्ब्लेम' या जपानी खेळमालेतले खेळ मी गेली दहा-बारा वर्षे खेळत आलो आहे. यंत्र मित्राचे जुने, वापरलेले. संवाद सारे इंग्रजीत. या चार गोष्टी एका परिच्छेदात लिहिण्याचा प्रसंग आपल्याकडे फारसा येत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

या खेळमालेवर समलिंगी खेळाडूंनी, मुख्यतः अमेरिकेत आणि युरोपात, भरभरून आणि प्रेमाने लिहिले आहे. समलिंगी जगाचा आणि संगणकीय खेळांचा संबंध तसा जुना आहे. सी. एम. राल्फ यांनी १९८९ साली 'केपर इन द कॅस्ट्रो' हा खेळ तयार करून फुकट वाटला आणि खेळणाऱ्याने एड्सग्रस्तांसाठी देणगी द्यावी, एवढेच मागितले. पण 'फायर एम्ब्लेम'विषयीचे बहुतेक कौतुक एका ठिकाणी येऊन थांबते: आता या खेळात पुरुषाला पुरुषाशी आणि बाईला बाईशी लग्न करता येते. हे कौतुक मला अपुरे वाटते. लग्न हा कथेच्या शेवटी येणारा प्रसंग आहे. खेळाचे खरे मूल्यविधान त्याच्या कथेत नसते, नियमांत असते. कोणाला कोठे उभे राहता येते, कोणाच्या मरणाची किंमत किती, कोणाच्या पोटी जन्मल्याने काय मिळते, हे नियम ठरवतात. म्हणून नियम वाचले पाहिजेत. ते वाचले की असे दिसते की समलिंगी माणसाची अडचण आणि जन्माने हीन ठरविलेल्या माणसाची अडचण या खेळांत एकाच नियमातून निघते. तो नियम रक्ताचा आहे.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बुद्धिबळाचा पट आपल्या ओळखीचा आहे. चतुरंग हे त्याचे जुने नाव: हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ. प्यादे सर्वांत पुढे उभे असते, आधी मरते, आणि त्याला नाव नसते. पटाच्या शेवटच्या घरात पोचले तर त्याचा वजीर होतो, पण वजीर झाल्यावर त्याचे प्यादेपण कोणी आठवीत नाही. 'फायर एम्ब्लेम' हा असाच पटावरचा, घराघरांतून चालणारा, पाळीपाळीने खेळायचा युद्धखेळ. १९९० साली तो जपानात निघाला. शोझो कागा हे त्याचे जनक. कागांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी प्रत्येक प्याद्याला नाव दिले, चेहरा दिला, बोली दिली. आणि पटावर मेलेला माणूस पुन्हा उठणार नाही, असा नियम केला. पुढच्या लढाईत त्याची जागा रिकामी. त्याच्या गावाकडची गोष्ट तुम्ही अर्धी ऐकली असेल, तर ती अर्धीच राहते. (२०१० सालच्या खेळापासून, ज्यांना हे सोसत नाही त्यांच्यासाठी मेलेले परत येण्याची सोय झाली. मी ती वापरीत नाही. पण वापरणाऱ्याला कमी लेखावे, असेही मला वाटत नाही.)

दुसरा नियम मला याहून महत्त्वाचा वाटतो. २००२ सालच्या 'द बायंडिंग ब्लेड' या खेळात तो स्पष्ट रूपात आला. पटावर दोन पात्रे शेजारशेजारच्या घरांत उभी राहिली, पाळीमागून पाळी राहिली, की खेळ ते मोजतो. पुरेसे दिवस सोबत काढले की त्यांच्यात एक संभाषण उघडते. मग दुसरे, मग तिसरे. या साथीला खेळात 'सपोर्ट' म्हणतात. ज्यांची साथ जमली ती एकमेकांशेजारी उभी असली की वार नेमका बसतो आणि शत्रूचा वार चुकवता येतो. थोडक्यात, जवळीक हे बळ आहे, आणि ते आकड्यांत मोजलेले आहे.

समलिंगी खेळाडू या प्रकारच्या खेळांकडे का ओढला जातो, याचे उत्तर मला लग्नापेक्षा या शेजारच्या घरात सापडते. दोन पुरुष एकत्र उभे आहेत. का उभे आहेत, असे कोणी विचारीत नाही. रणांगणाने त्यांना कारण दिलेले आहे. आमच्यासारख्यांचे अर्धे आयुष्य हे कारण शोधण्यात जाते: वसतिगृहाच्या गच्चीवर, एस.टी. स्टँडवर, सभेनंतर सतरंज्या गुंडाळताना. एखाद्या माणसाशेजारी आणखी पाच मिनिटे उभे राहायचे असते, आणि हातात काही काम असले म्हणजे बरे असते. शिवाय हा खेळ पाळीचा आहे. तुमचा विचार होईपर्यंत शत्रू थांबतो. धावपळीच्या खेळात जो चटकन गोळी झाडतो तो जिंकतो. येथे जो आधी सर्व शक्यता मनात फिरवून पाहतो, कोण कोठून पाहील, कोणाच्या पल्ल्यात आपण येऊ याचा हिशेब करतो, तो जगतो. हा हिशेब आम्हांला शिकवावा लागत नाही. तो आम्ही शाळेच्या पहिल्या दिवसापासून करीत आलो आहोत. हे वाक्य मी समलिंगी म्हणून लिहिले. आपल्या वाचकांपैकी अनेकांना ते दुसऱ्या कारणाने आपले वाटेल, याची मला खात्री आहे.

बॉनी रुबर्ग यांच्या २०१९ सालच्या पुस्तकाचे सूत्र असे आहे की खेळातले समलिंगीपण केवळ पात्रांत शोधू नये, खेळण्याच्या रीतीतही ते पाहावे. या सूत्राशी मी सहमत आहे. माझी भर एवढीच की खेळण्याच्या रीतीत जशी मोकळीक असते, तशी सक्तीही असते, आणि समीक्षकाने दोन्ही दाखविली पाहिजेत.

मोकळिकीचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे आइक आणि सोरेन. 'पाथ ऑफ रेडियन्स' (२००५) आणि 'रेडियंट डॉन' (२००७) या दोन खेळांत मिळून त्यांची कथा आहे. टेलियस नावाच्या खंडात दोन जाती राहतात: बिऑर्क, म्हणजे माणसे; आणि लागुझ, म्हणजे पशूचे रूप घेऊ शकणारे. बेग्निऑन या साम्राज्याने लागुझांना पिढ्यान् पिढ्या गुलाम केले. कायद्याने गुलामी संपली, तरी उमरावांच्या वाड्यांत ती चोरून चालू राहिली. त्यांना हिणविण्यासाठी वापरला जाणारा शब्द माणसाहून खालचे, अशा अर्थाचा आहे. या दोन जाती एकमेकींच्या वैरी. पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. दोन्हींच्या संकरातून जन्मलेले मूल कोणालाच नको. अशा मुलाच्या अंगावर खूण असते. माणसांतून ते लपूनछपून राहते. लागुझांना ते ओळखता येते. आणि ओळखल्यावर ते त्याला मारीत नाहीत, शिवीही देत नाहीत. ते त्याला पाहत नाहीत. ते समोर नाहीच असे वागतात.

सोरेन असा आहे. कपाळावर खूण. लहानपणी टाकून दिलेला, ज्या बाईने सांभाळले तिने नाइलाजाने सांभाळलेला, मग एका वृद्ध पंडिताला विकलेला. पंडित मेल्यावर हे पोर उपाशीपोटी लागुझांच्या मुलखात पोचते, आणि तेथे रस्त्यातून चालणाऱ्या कोणाचीही नजर त्याच्यावर ठरत नाही. त्या वेळी माणसांच्याच एका मुलाने त्याला खायला दिले. तो आइक. आइकला ते आठवतही नाही. सोरेनला मात्र आठवते. मोठेपणी तो आइकच्या भाडोत्री सैनिकांच्या तुकडीत व्यूह आखणारा होतो. जगातल्या कोणाविषयीही त्याला प्रेम नाही. लागुझांचा तर तो द्वेष करतो आणि तीच हिणवणारी शिवी स्वतः वापरतो. खेळ त्याला संत करीत नाही, ही मोठी गोष्ट आहे. सोसलेल्या माणसाला सहृदय करून टाकण्याची घाई आपल्याही कथांतून पुष्कळदा दिसते.

दोघांना पटावर शेजारी ठेवीत राहिले की शेवटच्या संभाषणात सोरेन आपल्या जन्माचे गुपित सांगतो. आता हाही मला टाकील, या भयाने सांगतो. आइकला त्यात टाकण्यासारखे काही दिसतच नाही. तो धक्का बसल्याचेही दाखवीत नाही आणि उदारपणाचा आवही आणीत नाही. दुसऱ्या खेळाच्या शेवटी, ही साथ पूर्ण झाली असेल तर, आइक सारी कीर्ती मागे टाकून दूरदेशी निघून जातो आणि सोरेन त्याच्यासोबत जातो. प्रेम हा शब्द कोठेही आलेला नाही. लग्नाचा तर प्रश्नच नाही. तरीही ज्या समलिंगी खेळाडूंनी हे दोन खेळ पाहिले त्यांच्यातले अनेक जण आजही या दोघांना विसरायला तयार नाहीत. मला वाटते, त्यांनी बरोबर ओळखले. भाकरी कोण कोणाला देतो आणि कोणाच्या हातची कोण खातो, यावर ज्या समाजात सारे ठरते, तेथल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये.

आता याच कथेतली मेख. सोरेन हा खरे तर एका राजाचा आणि ड्रॅगनवंशाच्या राजकन्येचा मुलगा आहे, असे खेळाने एका कोपऱ्यात लपवून ठेवले आहे. आइकला भाकरी देताना ते ठाऊक नव्हते, आणि म्हणून त्या भाकरीची किंमत कमी होत नाही. पण खेळ रचणाऱ्यांना स्वस्थ बसवले नाही, हे खरे. बहिष्कृत म्हणून दाखवलेल्या पोराच्या रक्तातही शेवटी राजघराणे सापडलेच पाहिजे!

येथून सक्तीकडे वळू. १९९६ साली कागांनीच रचलेल्या 'जिनिऑलॉजी ऑफ द होली वॉर' या खेळात रक्ताचा नियम उघडपणे पटावर आला. बारा वीरांचे पवित्र रक्त काही घराण्यांत उतरले आहे. त्यांची दैवी शस्त्रे त्या रक्ताशिवाय कोणाच्या हाती चालत नाहीत. खेळाच्या पूर्वार्धात तुम्ही तुमच्या सैन्यातल्या स्त्री-पुरुषांच्या जोड्या जुळवायच्या. उत्तरार्धात त्यांची मुले लढतात, आणि आईबापांचे रक्त, शस्त्र आणि कसब वारशाने घेतात. एखाद्या बाईची जोडी जुळली नाही, तर तिच्या मुलांच्या जागी दुसरी, पर्यायी पात्रे येतात. आयरा या तलवारबाज स्त्रीला तुम्ही एकटी ठेवलीत, तर तिची मुले लार्सेई आणि उल्स्टर यांच्याऐवजी क्रेड्ने आणि डाल्विन भेटतात. हे पर्यायी लोक वंशाने थोर नाहीत. बहुधा ते कमी ताकदीचेही आहेत. त्यांना खेळाने नाव दिले, चेहरा दिला. पण ते दुसऱ्याच्या न झालेल्या जन्माची जागा भरणारे म्हणूनच उभे आहेत. मी मुद्दाम सर्वांना अविवाहित ठेवून हा खेळ एकदा खेळलो. अवघड होते, पण पूर्ण केला. त्या साध्या पोरांनी साम्राज्य उलथवलेले पाहताना जो आनंद झाला, तो मला दैवी शस्त्रांनी कधीच दिला नाही.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्याचा गाभा आपल्या वाचकांना ठाऊक आहे: जात म्हणजे विवाहाचे कुंपण. कुंपण टिकवायचे तर आत स्त्री-पुरुषांच्या जोड्यांचा हिशेब जुळता ठेवावा लागतो. जोडीतला एक मेला की मागे उरलेला माणूस जादा होतो आणि कुंपणाला धोका होतो. जादा बाईसाठी सती आणि सक्तीचे वैधव्य; जादा पुरुषासाठी संन्यास, नाही तर कोवळ्या वयाची वधू. बाबासाहेबांनी हा विचार समलिंगी माणसाला उद्देशून मांडलेला नाही. पण मला तो वाचताना नेहमी वाटते की जोड्यांच्या या हिशेबात आम्ही जन्मापासूनच जादा आहोत. विधुर मागाहून जादा होतो, आम्ही आधीपासून. आणि हिशेब चुकू नये म्हणून आमचेही लग्न उरकून टाकले जाते. त्यात दोन माणसे जळतात. 'जिनिऑलॉजी'चा पट म्हणजे हाच हिशेब, आकड्यांत मांडलेला.

पुढे २०१२ सालच्या 'अवेकनिंग'मध्ये हीच रीत पुन्हा आली: लग्ने, मुले, वारसा. समलिंगी लग्न त्यात नव्हतेच. २०१४ च्या मे महिन्यात निन्टेन्डो कंपनीला 'टोमोडाची लाइफ' या दुसऱ्याच खेळात समलिंगी नाती नसल्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. आणि २०१५ च्या जूनमध्ये 'फायर एम्ब्लेम फेट्स' निघाला. त्यात प्रथमच तुमच्या नायकाला पुरुषाशी आणि नायिकेला स्त्रीशी लग्न करता येऊ लागले. ज्या देशात हा खेळ निघाला तेथे त्या साली असे लग्न कायदेशीर नव्हते. जपानात तो विक्रीस आला २५ जूनला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर समलिंगी विवाहाला मान्यता दिली २६ जूनला. साहजिकच मोठा जल्लोष झाला.

जल्लोष करणाऱ्यांनी नियम वाचले असते, तर आवाज थोडा खाली आला असता. 'फेट्स'मध्येही लग्नातून मूल, आणि मूल म्हणजे पटावरचा नवा लढवय्या. (ही मुले काळ भरभर सरतो अशा वेगळ्या जगात ठेवून वाढवली जातात आणि मोठी झाली की रणात आणली जातात. आईबापांना त्याचे फारसे काही वाटत नाही, हे मला फार खटकले.) पुरुष नायकाला एकच पुरुष जोडीदार मिळतो: नाइल्स, एक डोळा गमावलेला, चोरांत वाढलेला तिरंदाज. त्याच्याशी लग्न केले तर नायकाचे मूल काना जन्मत नाही. आणि नाइल्सचे दुसरीकडे लग्न झाले असते तर त्याची मुलगी नीना जन्मली असती. तीही जन्मत नाही. दोन मोहरे उणे. बायकांच्या बाजूलाही तीच गत: राजात ही एकच जोडीदारीण, आणि तिच्याशी लग्न केले तर काना नाही. प्रेमाची परवानगी मिळाली, पण खेळाने तिच्यावर कर बसवला. कायद्याने गुन्हा नाही आणि हिशेबात मात्र तोटा, अशी ही अवस्था आहे. २०१८ च्या ६ सप्टेंबरला कलम ३७७ मधून आम्ही सुटलो, आणि २०२३ च्या १७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले. या दोन तारखांच्या मध्ये जगणाऱ्याला 'फेट्स'चा हा हिशेब ओळखीचा वाटतो.

याच खेळाच्या जपानी आवृत्तीत सोलेई नावाची एक मुलगी आहे. सुंदर मुली समोर आल्या की तिचे भान हरपते. तिच्या पेयात नायक न सांगता भुकटी मिसळतो. त्यामुळे तिला पुरुष हे स्त्रिया दिसू लागतात, आणि मग ती त्याच्या प्रेमात पडते. २०१६ साली पाश्चात्त्य देशांत खेळ नेताना हा प्रसंग काढून टाकला गेला. काढला ते योग्यच झाले. पण जो नियम समलिंगी नायकावर कर बसवतो, त्याच नियमाचे हे कथेतले रूप आहे, हे तेव्हाच्या वादात फारसे कोणी म्हटले नाही. बाईला जोडीच्या हिशेबात आणायचे आहे. मग औषध देऊन का होईना!

आणि मग २०१९ सालचा 'थ्री हाउसेस'. मालेतला हा मला सर्वांत महत्त्वाचा खेळ वाटतो. फोडलान देशात काही घराण्यांच्या रक्तात 'क्रेस्ट' नावाचे कुलचिन्ह उतरते. ज्याच्यात ते आहे त्याला पराक्रमाची शस्त्रे पेलतात. नसलेल्याने ती हाती धरली तर त्याच्याच शरीराला इजा होते. धर्मपीठाची शिकवण अशी की क्रेस्ट ही देवीची देणगी. सारी सरदारकी या देणगीवर उभी. पण क्रेस्ट प्रत्येक मुलात उतरत नाही, आणि तेथून यातना सुरू होतात. थोरला मिक्लान क्रेस्टविना जन्मला म्हणून वारसाहक्क गेला. त्याने धाकट्या सिल्व्हेनला विहिरीत ढकलले. शेवटी घराण्याचे शस्त्र चोरून हाती धरले आणि त्या शस्त्रानेच त्याचा पशू केला. प्राध्यापक हानेमनची बहीण क्रेस्टचा वारस देण्यासाठी वापरली गेली आणि त्यातच मेली. त्याने सरदारकी सोडली. डोरोथिया ही सरदाराच्या मोलकरणीची मुलगी. क्रेस्ट नाही म्हणून बापाने मायलेकींना घराबाहेर काढले. ती रस्त्यावर वाढली आणि पुढे ऑपेराची गायिका झाली. कालपर्यंत जे नाक मुरडत होते, तेच आता मागणी घालू लागले. तिचा कडवटपणा आणि म्हातारपणाचे भय या खेळातल्या कोणत्याही राजाच्या भाषणापेक्षा खरे आहे.

या खेळात लग्न आहे, पण मूल पटावर येत नाही. वारशाचा नियम खेळाच्या यंत्रणेतून काढून कथेत आणला, आणि कथेत आणून त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. परिणाम पाहा. याच खेळात प्रथमच समलिंगी जोडीला पटावर काहीही गमवावे लागत नाही. कर गेला. हा योगायोग आहे, असे मी मानीत नाही. रक्ताचा हिशेब थांबला की 'जादा माणूस' ही कल्पनाच उरत नाही. समलिंगी खेळाडूंच्या कौतुकात मला हे विधान हवे होते. आम्हांला मोकळीक मिळाली ती कोणी उदार होऊन लग्नाचे दार किलकिले केले म्हणून नाही. जन्माची गणती बंद झाली म्हणून मिळाली.

अर्थात खेळ येथेही पुरता मोकळा नाही. स्त्री अध्यापिकेला पाच स्त्रिया जोडीदार म्हणून मिळतात, त्यांत डोरोथिया आहे आणि सम्राज्ञी एडेलगार्डही. पुरुष अध्यापकाला सुरुवातीला निःसंदिग्ध म्हणावा असा एकच, झोपाळू लिनहार्ट. बाकी दोन वयस्क विवाहित गृहस्थांशी जे जुळते ती मैत्री. २०२० च्या फेब्रुवारीत युरी आला. मठाच्या पोटात, जमिनीखाली, बहिष्कृतांची एक वस्ती आहे. तिचा तो म्होरक्या. फार चांगले पात्र. पण तो मूळ खेळात नाही. वेगळे पैसे भरले तर मिळतो.

आणखी एक गोष्ट मी शिक्षक म्हणून बोलतो. या खेळात तुम्ही अध्यापक असता आणि तुमचे बहुतेक जोडीदार तुमचे विद्यार्थी असतात. मध्ये पाच वर्षे गेलेली असतात, लग्न युद्धानंतर होते, हे सारे खरे. तरीही मला ते पटत नाही, आणि समलिंगी लग्न आहे म्हणून ते पटवून घ्यावे असेही वाटत नाही. त्या वर्गात माझे लक्ष गुंतते ते लिओनीत. ती शिकाऱ्याची मुलगी. अकादमीची फी भरायला तिला गावाने कर्ज दिले आहे. ती सरावाला सर्वांच्या आधी येते आणि पै न् पै मोजते. सरदारांची मुले तिला कंजूष समजतात. गावाच्या पैशावर शिकणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती कंजूष वाटणार नाही.

खरी मर्यादा याहून खोल आहे. क्रेस्टची व्यवस्था मोडायला उठते ती एडेलगार्ड. तिच्या भावंडांवर लहानपणी रक्ताचे प्रयोग झाले. ती एकटी धडपणे वाचली, आणि तिच्या अंगात एकाऐवजी दोन क्रेस्ट आले. तिचा संताप न्याय्य आहे. पण ती सम्राज्ञी आहे, आणि तिची क्रांती वरून खाली येते. ज्यांच्यासाठी येते त्यांच्या शेतांतून सैन्य नेत येते. खेळणाऱ्याचे स्वतःचे पात्रही असेच. बायलेथ हे भाडोत्री सैनिकाचे मूल म्हणून पटावर येते, आणि थोड्याच वेळात त्याच्यात सर्वांत दुर्मिळ क्रेस्ट असल्याचा शोध लागतो. रक्ताविरुद्ध बोलण्याचा अधिकारही रक्तानेच मिळावा! ड्यूस्कर या देशाची माणसे राजहत्येच्या आरोपावरून सरसकट कापली गेली. त्यांच्यातला वाचलेला डिड्यू खेळात आहे. पण तो राजपुत्राचा निष्ठावंत सेवक म्हणून आहे. त्याला स्वतःचे सैन्य नाही, स्वतःचा पक्ष नाही. खेळात निवडायला तीन घरे आहेत. ड्यूस्करचे चौथे घर नाही.

माझ्या समलिंगी मित्रांना मी हे दाखवले की ते म्हणतात, तू आनंदावर पाणी टाकतोस. एवढे मिळाले ते तरी घेऊ दे. त्यांच्यातले बरेच जण ज्या घरांतून आले आहेत तेथे रक्ताचा अभिमान हा रोजच्या बोलण्याचा भाग आहे, आणि जोडीदार शोधताना तो त्यांच्याही ओठांवर येतो. आडनाव आधी विचारले जाते, मग छायाचित्र मागितले जाते. दुसरीकडे चळवळीतले मित्र आंतरजातीय लग्नाच्या मंचावर अक्षरशः नाचतात, आणि मी काही बोलू लागलो की हा शहरी चोचल्यांचा विषय म्हणतात. दोघांनाही मी 'जिनिऑलॉजी'तली ती पर्यायी पोरे आठवून सांगतो: जोडी न जुळलेली बाई आणि कमअस्सल ठरवलेले पोर एकाच नियमाने बाजूला पडतात. तो नियम एकाने फक्त स्वतःपुरता वाकवून घेतला, तर दुसऱ्यासाठी तो होता तसाच राहतो. अभ्यासमंडळांतून १९१६ चा निबंध शिकवताना समलिंगी माणसाचा उल्लेख एकदा तरी व्हावा, एवढी साधी अपेक्षा मी वाचकांपैकी जे शिक्षक आहेत त्यांच्याकडून करतो. निबंध त्याला पुरून उरतो.

मालेतला नंतरचा मोठा खेळ 'एंगेज', जानेवारी २०२३ चा. त्यात नायक पुरुष असो वा स्त्री, अंगठी कोणालाही देता येते. भेदच ठेवलेला नाही. इंग्रजी भाषांतरात मात्र काही पात्रांच्या बाबतीत या अंगठीचा अर्थ मैत्री असा करून टाकला आहे. यावर समलिंगी खेळाडू रागावले, आणि राग वाजवी आहे. माझी तक्रार दुसरी आहे. या खेळात नायक देव-ड्रॅगनाच्या वंशातला, चार देशांच्या गाद्यांचे वारस त्याच्याभोवती, आणि साधी माणसे त्यांच्या तैनातीला. त्या साध्या माणसांची संभाषणे बहुतेक आपापल्या धन्याविषयी आहेत. 'थ्री हाउसेस'ने जो प्रश्न विचारला होता तो चार वर्षांत कोणाला आठवेनासा झाला. या सबंध मालेत राजाच्या पोटी न जन्मलेला, सरदारकी मिळाल्यावर ती परत करून टाकणारा आणि शेवटपर्यंत कोठल्याही दैवी रक्ताचा न निघणारा असा नायक मला एकच दिसतो. तो आइक.